एका काव्यपटाच्या निमित्ताने

आपल्या वसतिगृहातील नववीच्या मुलामुलींनी गेल्या शैक्षणिक वर्षात सव्वाचार मिनिटांचा एक काव्यपट तयार केला. कविता त्यांच्याच वर्गातील एका मुलीची आहे आणि तिचे शीर्षक 'पहाट'. शहर जागे होण्यापूर्वी शहरासाठी कोण जागे होते, एवढाच तिचा विषय, ओळी बावीस. या उपक्रमाचा वृत्तान्त स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे मागितला. वृत्तान्त अर्ध्या पानात आटोपला असता. परंतु चित्रीकरणाच्या त्या सहा-सात रविवारी मुलांनी जे प्रश्न उभे केले, ते इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या माणसालाही नवे होते. म्हणून येथे काव्यपटापेक्षा त्या प्रश्नांविषयीच अधिक लिहीत आहोत.

पुणे हे चित्रपटांचे जुने गाव आहे. 'प्रभात' कंपनी कोल्हापूरहून येथे आली ती १९३३ साली. तिच्याच जागेवर १९६० मध्ये चित्रपट शिक्षणाची संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात स्थापन झाले. आमच्या मुलांपैकी कित्येकांचे पालक विधी महाविद्यालय रस्त्याने रोज कामाला जातात. त्या फाटकाच्या आत मात्र त्यांचे कधी काम पडले नाही. तेव्हा आमची सामग्री ती काय असणार? दोन मोबाईल, एक स्टँड आणि आवाज टिपण्याचा एक लहानसा माईक. शेवटच्या दोन वस्तू आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने दिल्या. तो लग्नसमारंभांचे चित्रीकरण करून आपला संसार चालवतो. या कामातील आमचा गुरू तोच.

पहिल्या रविवारी मुलांनी अडीच तास चित्रण करून आणले. त्यात सूर्य होता, कबुतरे होती, मुठेचे पात्र होते, चहाची वाफ होती. आमच्या गुरूने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "सर, सगळंच हलतंय. ह्यांना काय बघायचंय तेच ठरलेलं नाही." मग त्याने मुलांना एकच नियम घालून दिला. मोबाईल आडवा धरायचा, एका जागी थांबायचे, मनात वीस आकडे मोजायचे आणि मोजून होईपर्यंत श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा. रोज सकाळी आनापानसतीला बसणाऱ्या मुलांना ही गोष्ट चटकन जमली. एरवी ध्यानाच्या वेळी हमखास चुळबुळ करणारा एक मुलगा स्टँडशिवाय सर्वांत स्थिर दृश्य घेतो, असे आढळले. त्याच्याविषयी वसतिगृह अधीक्षकांचे मत त्या दिवसापासून बदलले.

दुसरा नियम आम्ही घातला आणि त्यासाठी मुलांना नामदेवराव व्हटकरांची गोष्ट सांगितली. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेला लोटलेला जनसागर आपण आज हलत्या चित्रांत पाहू शकतो, याचे मोठे श्रेय व्हटकरांकडे जाते. लेखक, नट आणि कार्यकर्ते असलेल्या या माणसाने स्वतःच्या पदराला खार लावून कॅमेऱ्याची सोय केली आणि तो दिवस टिपला. त्या काळी चित्रपटांसाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने संपत असे. कळ दाबली की पैसा धावू लागे. आता काय टिपावे आणि काय सोडावे, हे लाखोंच्या गर्दीत, डोळ्यांत पाणी असताना, क्षणाक्षणाला ठरवायचे! मुले ही गोष्ट ऐकून गप्प झाली. त्यांच्या मोबाईलमध्ये फिल्म संपण्याची भीती नव्हती आणि म्हणूनच अडीच तासांत धड एक दृश्य हाती लागले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येकाला रविवारी फक्त पाच शॉट मिळू लागले. सहावा हवा असेल तर आधीच्या पाचांतील एक पुसायचा. मुले यावरून आपापसांत भांडली, पण पाहायला शिकली.

मध्येच एक छोटा प्रसंग घडला. कविता वाचणाऱ्या मुलीचा चेहरा टिपून झाल्यावर ती म्हणाली, "सर, मोबाईलनं मला गोरी केली." खरेच होते. मोबाईलमधील सौंदर्य खुलवणारी सोय चालू राहिली होती आणि यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे तिला 'सुंदर' करून टाकले होते. ही समजूत यंत्राला कोणी दिली? रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंगांची पारख करण्यासाठी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून पाठवीत असे आणि त्या कातडीला जे मानवेल तेच बरोबर ठरे. मुलीने सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसली. आम्हाला काही सांगावे लागले नाही.

कवितेत सावित्रीमाईंचा उल्लेख आहे. त्यामुळे गंज पेठेतील फुलेवाडा आणि बुधवार पेठेतील भिडेवाडा ही दोन स्थळे मुलांनी आधीच ठरवून ठेवली होती. जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद फुलेवाड्यात पाहून एका मुलाच्या डोक्यात आले की ओंजळीतून पाणी सोडावे आणि ते संथ गतीने पडताना दाखवावे. असे दृश्य त्याने पुष्कळ जाहिरातींत पाहिलेले असणार. इतरांनीच ते हाणून पाडले आणि हौदाचा रिकामा काठ वीस आकडे मोजून टिपला.

भिडेवाड्यापाशी मात्र मोठीच अडचण झाली. मुलींची शाळा १८४८ साली जेथे सुरू झाली, तो वाडा आता नाही. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती मोडकळीला आलेली इमारत पाडण्यात आली. समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची गर्दी, रिक्षा, फुलवाले, ध्वनिक्षेपक. आणि आपल्या बाजूला टिपण्यासारखे काहीच नाही. मुले हिरमुसली. एकाने इंटरनेटवरचे जुने छायाचित्र घालण्याचे सुचवले. आम्ही त्यांना विचारले, "माई शाळेत पोहोचल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पोहोचण्यापूर्वी काय झाले?" ते सर्वांनाच माहीत होते. शेण आणि दगड अंगावर घेत त्या जात आणि शाळेत गेल्यावर बदलण्यासाठी एक जादा लुगडे जवळ ठेवत, असे त्यांच्याविषयीच्या आठवणींत सांगितले जाते. म्हणजे जे घडले ते वाटेवर घडले. वाडा पाडला गेला, पण गंज पेठ ते बुधवार पेठ हे अंतर कोण पाडणार? चालत वीस-पंचवीस मिनिटांचा हा रस्ता मुलांनी पुढील रविवारी पहाटे कंबरेइतक्या उंचीवरून, चालत चालत टिपला. वास्तू नसेल तर अंतर दाखवता येते, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला आम्ही आता नेहमी सांगतो. शिक्षिका असलेल्या याच बाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला होता, हे त्या वाटेवर सांगताना आम्हाला वेगळाच आनंद झाला, कारण सोबत चालणाऱ्यांत एक नवी कवयित्री होती.

माणसांचे चित्रण सुरू झाले तेव्हा खरी परीक्षा लागली. मंडईतील हमाल, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी मुले, पहिल्या बसचे चालक, दूध वाटणारे काका अशी कवितेतील पहाटेची माणसे मुलांना हवी होती. (जाता जाता सांगितले पाहिजे की या मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यास नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीरावांनी विरोध केला होता. पुढे तिलाच महात्मा फुले यांचे नाव मिळाले. इतिहास अशा थट्टा पुष्कळ करतो.) दूर उभे राहून, मोठे करून, नकळत टिपण्याची सोय मोबाईलमध्ये असते. एका मुलाने ती वापरून पाहिली, तेव्हा सहावीपासून वसतिगृहात असलेल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, न विचारता कुणाचा चेहरा घेतला तर दुसरं शील मोडतं का?" न दिलेले न घेण्याची शिकवण आपण दररोज सकाळी म्हणतो. त्या वेळी डोळ्यांसमोर पैसा, वस्तू, फार तर शेजाऱ्याची वही येते. चेहरा हीसुद्धा दिल्याखेरीज घेऊ नये अशी वस्तू आहे, हे त्या चौदा वर्षांच्या मुलीला सुचले. आम्ही "मोडते" असे उत्तर दिले. त्या दिवशी टिपलेली नऊ दृश्ये मुलांनी आपणहून पुसली. पुढे विचारून घेतलेल्या दृश्यांत माणसे थोडी अवघडलेली दिसतात, हे खरे. एक हमाल तर ओझे खाली ठेवून, केस सारखे करून, ताठ उभा राहिला. आमच्या मते तेच दृश्य काव्यपटातील पहिल्या दोन-तीन उत्तम दृश्यांत मोडते.

आता कवयित्रीच्या आईविषयी. त्या शहरातील पेठांमध्ये रस्ते झाडण्याचे काम करतात. पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी द्यायची, खराटा आणि ढकलगाडी घ्यायची आणि दुकाने उघडण्यापूर्वी गल्ल्या स्वच्छ करायच्या. कवितेचा गाभा म्हणजे त्यांचीच पहाट. तेव्हा त्यांचे चित्रण होणार, हे मुलांनी गृहीतच धरले होते. पालकभेटीच्या रविवारी त्या डबा घेऊन आल्या, तेव्हा मुलीने विषय काढला.

"आई, तुझं काम शूट करायचंय. तू नेहमीसारखं झाडत राहायचं, बाकी आम्ही बघू."

"कशाला?"

"कवितेत आहे ते."

"कवितेत असू दे. कविता तू लिहिलीस, चांगली लिहिलीस. मला नाही तसं दिसायचं."

मुलगी क्षणभर थांबली आणि तिने हळूच विचारले, "लाज वाटते का?"

"लाज कसली? त्याच्यावरच तर तुला शिकवते. पण आठ तास खराटा हातात असतोच की माझ्या. तुझ्या पिक्चरमध्ये पण तोच द्यायचा का?" मग त्या आमच्याकडे वळल्या. "सर, तुम्हीच सांगा. बाबासाहेबांचा फोटो आपण घरात कुठला लावतो? सुटातलाच ना?"

आम्ही इतिहास विषयात एम.ए. केले. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा कशी करावी, यावर पेपर लिहिले. साधन कोणी निर्माण केले, कोणासाठी, कोणत्या हेतूने, हे प्रश्न मुलांकडून पाठ करून घेतले. त्या सर्व अभ्यासाचे सार या बाईंनी भाजीच्या डब्याचे झाकण उघडता उघडता एका प्रश्नात विचारले होते. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव वर्गाच्या कोपऱ्यात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. हे बाबासाहेबांनी दडवून ठेवलेले नाही; 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ते स्वतःच्या लेखणीने सांगितले आहे. अपमान त्यांनी शब्दांत मांडला, स्वतः, हवा तेव्हा, हवा तेवढा. कॅमेऱ्यासमोर मात्र ते ताठ बसले. हातात पुस्तक, अंगात सूट. आपल्या वस्तीतील प्रत्येक भिंतीने हा भेद जाणला आहे आणि तो कोणी शिकवून नव्हे.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर ते १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने आठ खंडांत काढलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथात सापडेल. जाती-जमातींच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे करून, नमुना म्हणून छायाचित्र काढायचे आणि खाली त्या जमातीचे गुणदोष छापायचे, अशी त्याची रीत. माणसाला काय वाटते, हे विचारण्याचे कारणच नव्हते. आज चांगल्या हेतूने काढलेल्या माहितीपटांतही आपला माणूस बहुधा गटारात, कचऱ्यात किंवा रांगेत दिसतो. हेतू बदलला, चौकट तीच राहिली.

पण चर्चा एवढ्यावर मिटली नाही आणि मिटायलाही नको होती. वर्गातील एक मुलगा, ज्याच्या आजोबांनीही हेच काम केले, चांगलाच चिडला. तो म्हणाला, "सर, खराटा दाखवलाच नाही तर रस्ते आपोआप झाडले जातात असंच लोकांना वाटेल. त्यांना तेच तर पाहिजे असतं." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. श्रम अदृश्य ठेवणे ही या समाजव्यवस्थेची जुनी युक्ती आहे. जे हात गाव स्वच्छ ठेवतात त्यांनाच गावाबाहेर ठेवायचे, हे त्याशिवाय साधलेच नसते. वर्गात दोन तट पडले. मतदान घ्यावे, असे कोणीतरी सुचवले. ते आम्ही होऊ दिले नाही. लोकशाहीवर आमची निष्ठा आहे, परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बहुमत चालत नाही.

पुढील पालकभेटीला तो मुलगा स्वतःच त्या माउलीकडे गेला. आम्ही थोडे दूर बसलो होतो. त्याने आपले म्हणणे मांडले, त्यांनी ऐकून घेतले. मग बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "आवाज घ्या. आवाजाला तोंड नसतं." आणि जरा वेळाने, "आणि मला दाखवायचंच असेल तर बसलेलं दाखवा. सकाळच्या बसला खिडकी मिळते मला. तेव्हा माझ्या हातात काही नसतं."

या दोन वाक्यांवर आमचा काव्यपट उभा आहे.

खराट्याचा आवाज टिपण्यासाठी मुले तीन पहाटे गेली. डांबरावर तो लांब आणि खरखरीत येतो, फरशीवर तोकडा आणि कोरडा, ओल्या पाल्यावर जवळजवळ येतच नाही. वाऱ्याचा घोंघाट टाळण्यासाठी माईकला मफलर गुंडाळला. मफलर त्या बाईंचाच. दुकानांची शटर वर जायला लागली की बाकी आवाज त्याला गिळून टाकतात. म्हणून जे काही करायचे ते सातच्या आत. हे शिकवायला कोणी तज्ज्ञ नव्हता. कोणत्या गल्लीत आवाज घुमतो, हे त्यांनीच सांगितले, कारण ते त्यांना बारा वर्षांपासून ठाऊक होते. सावित्रीमाईंच्या वाटेच्या चित्रणावर मुलांनी हाच आवाज ठेवला आहे. पडद्यावर गंज पेठेपासून पुढे सरकणारा रिकामा, स्वच्छ रस्ता आणि कानावर खराटा. झाडणारे कोणी दिसत नाही, पण रस्ता आपोआप झाडला गेला असे कोणालाही वाटणार नाही. त्या मुलाने हे पाहिले आणि "चालेल" एवढेच म्हणाला. तो एरवी फार बोलतो.

बसमधील दृश्य अकरा सेकंदांचे आहे. पहाटेची बस, खिडकीबाहेर उजाडू पाहणारा प्रकाश, काचेला टेकलेले डोके, मांडीवर मोकळे हात. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम पांढरी साडी नेसली होती. लेकीने वीस आकडे मोजायचे ठरवले होते, अकराव्याला तिचा हात हलला. मुलांनी तेवढेच ठेवले.

संकलनाविषयी थोडक्यात लिहितो. १९३६ साली इंग्लंडच्या टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने 'नाइट मेल' हा रात्रीच्या टपालगाडीवरील माहितीपट काढला. त्यासाठी कवी ऑडन यांनी कविता लिहिली आणि चित्रांच्या लांबीत बसवण्यासाठी तिच्यातील ओळी गाळाव्या लागल्या. ही हकिकत आम्ही कवयित्रीला सांगितली, ती केवळ दिलासा म्हणून. तिने मात्र ती फारच मनावर घेतली. आईच्या खराट्याविषयीच्या चार ओळी तिने आपणहून काढल्या. कारण विचारले तर म्हणाली, "तिथं आवाज आहे ना आता. दोनदा कशाला सांगायचं?" म्हणून कविता बावीस ओळींची असली तरी काव्यपटात अठराच ऐकू येतात. मूळ कविता याच स्मरणिकेत इतरत्र छापली जात आहे, ती वाचकांनी जरूर वाचावी.

एक गोष्ट आमच्या आग्रहाखातर झाली. या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाला आपल्या पहिल्या तुकडीचे छायाचित्र मिळाले. सदतीस मुले, पत्र्याची शेड, मागे निळा ध्वज. मागच्या बाजूला ना तारीख, ना नावे. आम्हाला त्यातील नऊजण ओळखता आले. उरलेली अठ्ठावीस मुले आपलीच आहेत आणि त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. कोणा वाचकाला ओळख पटल्यास त्याने कार्यालयास अवश्य कळवावे. असे पुन्हा होऊ नये म्हणून मुलांनी काव्यपटासाठी एक वही घातली. वापरलेल्या आणि न वापरलेल्या प्रत्येक शॉटचा क्रमांक, दिनांक, ठिकाण, टिपणाऱ्याचे नाव आणि शेवटच्या रकान्यात परवानगी. जेथे सही मिळाली तेथे सही आहे, जेथे अंगठा मिळाला तेथे अंगठा. ही वही शाळेच्या ग्रंथालयात, इतिहासाच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यातील एकशे चौदाव्या नोंदीपुढे कवयित्रीच्या आईने अक्षर अक्षर जोडून पूर्ण नावाने सही केली आहे आणि शेजारी लेकीच्या हस्ताक्षरात लिहिले आहे : 'खराटा. फक्त आवाज.'